रामेन-या

रामेन-या म्हणजे मुख्यत्वे रामेन हा नूडल्सचा पदार्थ देणारे जपानमधील लहान उपाहारगृह होय. जपानी भाषेत 'या' हा प्रत्यय दुकान या अर्थाने लावला जातो. गरम सुपात घातलेले नूडल्स काही मिनिटांतच फुगून मऊ पडतात. या उपाहारगृहांतील आसनव्यवस्था, मागणी नोंदवण्याची रीत आणि जेवणाचा वेग बहुतांशी याच गोष्टीला धरून ठरलेला असतो.

इतिहास

रामेनचे मूळ चिनी पद्धतीच्या गव्हाच्या नूडल्समध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात योकोहामासारखी बंदरे परदेशी व्यापारास खुली झाल्यावर तेथील चिनी वस्त्यांतून हा पदार्थ जपानमध्ये पसरला. १९१० साली ओझाकी कानइची यांनी टोकियोच्या असाकुसा भागात 'रायरायकेन' हे उपाहारगृह काढले व तेथे योकोहामाहून चिनी आचारी आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई असताना अमेरिकेतून गहू मोठ्या प्रमाणावर आला आणि 'यताई' नावाच्या गाड्यांवर विकले जाणारे रामेन कष्टकऱ्यांचे स्वस्त अन्न बनले. १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी झटपट तयार होणारे रामेन बाजारात आणले. १९९४ साली योकोहामा येथे रामेनला वाहिलेले संग्रहालय सुरू झाले.

घटक

रामेनचे नूडल्स गव्हाचे पीठ, मीठ, पाणी आणि 'कान्सुई' यांपासून बनवतात. कान्सुई हे अल्कधर्मी क्षारांचे मिश्रण असून त्यामुळे नूडल्सना पिवळसर रंग व चिवटपणा येतो. महाराष्ट्रात पापडाच्या पिठात घातला जाणारा पापडखारही अल्कधर्मीच असतो.

वाडग्यात प्रथम 'तारे' हा चवीचा अर्क घालतात व त्यावर सूप ओततात. तारेमध्ये मीठ, सोया सॉस किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांपैकी जे प्रमुख असेल, त्यावरून रामेनचे नाव पडते. क्युशू बेटावरील 'तोंकोत्सु' हा प्रकार मात्र डुकराची हाडे दीर्घकाळ उकळून केलेल्या दाट, पांढरट सुपावरून ओळखला जातो. वर डुकराच्या मांसाचे काप, उकडलेले अंडे, बांबूचे आंबवलेले कोंब, समुद्रशैवाल व कांद्याची पात घालतात.

भोजनाची रीत

अनेक ठिकाणी दाराजवळील यंत्रात पैसे घालून पदार्थाचे तिकीट घ्यावे लागते. हे तिकीट आचाऱ्याकडे दिले की नूडल्स उकळण्यास टाकले जातात. ग्राहक बहुधा स्वयंपाकाच्या ओट्यासमोरील अरुंद फळीपाशी रांगेने बसतात. त्यामुळे वाडगा ओट्यावरून थेट त्यांच्या पुढ्यात येतो.

वाडगा येताच खाण्यास सुरुवात करणे अपेक्षित असते. नूडल्स चॉपस्टिकने उचलून भुरके मारत खातात. तोंडात ओढल्या जाणाऱ्या हवेने ते किंचित निवतात व सुपाचा गंधही अधिक जाणवतो. भुरक्यांचा आवाज येथे असभ्य मानला जात नाही. हाकाता पद्धतीच्या ठिकाणी नूडल्स कितपत कडक हवेत हे सांगता येते. तेथे सुरुवातीला थोडेच नूडल्स वाढतात व ते संपल्यावर उरलेल्या सुपात आणखी नूडल्स मागवतात. यास 'काएदामा' म्हणतात. बाहेर रांग असल्यास खाऊन झाल्यावर रेंगाळत नाहीत. बक्षिसी देण्याची प्रथा नाही.

शाकाहारी व्यक्तींनी केवळ वरचे पदार्थ पाहून निवड करणे पुरेसे नसते. भाज्यांच्या रामेनचे सूपही सहसा मांस, हाडे किंवा सुक्या माशांपासून केलेले असते.

आर्थिक बाजू

मोजक्या आसनांच्या दुकानाचा व्यवसाय ग्राहक लवकर पालटण्यावर चालतो. रामेन हे स्वस्त अन्न असल्याने एका वाडग्यासाठी १,००० येनांहून अधिक देण्यास ग्राहक कचरतात, असे मानले जाते. यास 'हजार येनांची भिंत' म्हणतात. अलीकडे गहू, मांस, इंधन व मजुरी महाग झाल्याने ही मर्यादा पाळणे लहान दुकानांना कठीण झाले आहे. किंमत वाढवावी तर ग्राहक दुरावतात आणि न वाढवावी तर तोटा होतो, अशा पेचात सापडून अनेक दुकाने बंद पडली आहेत.