पाण्याच्या टाकीचा ओटा आणि माझं लेव्हल ॲप

आजच्या भागात ना कोडिंग आहे ना करिअर. आज टाकीखालच्या ओट्याबद्दल बोलायचंय. परदेशातले लोक अंगणात हॉट टब बसवायला जागा सपाट करतात. आपल्या तुळिंजमध्ये तोच खटाटोप हजार लिटरच्या काळ्या टाकीसाठी होतो.

आमचं घर बैठ्या चाळीत आहे, टाकी दाराबाहेर. गेल्या वर्षी नवीन टाकी आणली. मी बीटेक, मिस्त्री कशाला? विटा मांडल्या, वर लादी ठेवली, मोबाईलचं लेव्हल ॲप लावलं. शून्य अंश! आईला स्क्रीनशॉटपण दाखवला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री दोनला टाकीखालचा पाईपचा जॉइंट तुटला. संध्याकाळीच टँकरचं पाणी भरलेलं. सगळं गल्लीत. आई काही बोलली नाही, बादली घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. ते जास्त लागलं.

आता काय चुकलं ते सांगतो. रिकामी टाकी मी एकट्याने उचलली होती, म्हणून ती हलकी वाटली. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली टाकी म्हणजे एक टन, जवळपास एका छोट्या कारएवढं वजन, तेही साडेतीन फुटांच्या गोलात. आणि आमच्या अंगणात खाली आहे भराव. पावसात भराव भिजला, एका बाजूच्या विटा खचल्या, टाकी कलली. पाईप भिंतीला क्लॅम्पने घट्ट, टाकी मात्र सरकली, मग जॉइंटच जाणार.

ॲपची गंमत वेगळीच. फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे फोन मुळात सपाट बसतच नाही. पंधरा सेंटीमीटरच्या फोनखाली दोन मिलिमीटरचा फरक असला तर साडेतीन फुटांवर तो अर्ध्या इंचाहून जास्त होतो. तपासायचं असेल तर फोन त्याच जागी उलट दिशेला फिरवा. आकडा बदलला की समजा फोन थापा मारतोय. पण खरं सांगू, तेवढ्या उताराने टाकी फुटत नाही. खरा गुन्हेगार भराव. ॲपने फक्त मला खोटा धीर दिला.

मग मिस्त्रीकाका आले. "मोबाईल खिशात ठेव बाळा, नळी धर." पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढले. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, तिथे खुणा करायच्या. बॅटरी लागत नाही.

साडेचार फूट चौकोन, फूटभर खोल खणला. सैल माती काढली. मुरूम एकदम नाही टाकला, दोन थरांत टाकला, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने कुटला. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं. वर चार इंच काँक्रीट, एक सिमेंट, तीन रेती, सहा खडी. जमिनीपेक्षा थोडं उंच, म्हणजे पाणी ओट्याशी साचत नाही. सात दिवस पाणी मारलं, त्यानंतर टाकी. तळ पूर्ण टेकला पाहिजे. नुसत्या अँगलवर किंवा चार विटांवर ठेवली तर प्लॅस्टिकचा तळ मधे झोळ खातो.

बिल्डिंगवाल्यांनो, गच्चीवर नवी टाकी ठेवणार असाल तर थांबा. भारतीय मानकात वापरातल्या गच्चीसाठी चालता-फिरता भार धरतात साधारण 150 किलो दर चौरस मीटर. मीटरभर उंच पाणी म्हणजे 1000 किलो. टाकी स्लॅबच्या मधोमध नको, खांब-बीमवर घ्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. सॉफ्टवेअर इंजिनीअरला नाही.

अजून एक. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी होतं, आठवतंय ना? अशा पुरात रिकामी टाकी तरंगते. पावसाळ्यात ती भरलेली ठेवा किंवा बांधून ठेवा.

या वेळी आधी पाव टाकी भरली, ओट्याच्या चार कोपऱ्यांची पातळी भिंतीवर पेन्सिलने नोंदवली, रात्रभर ठेवली. सकाळी नळी लावली, खुणा तिथेच. मग पूर्ण भरली. पाईपला यंदा थोडा लवचिक तुकडाही जोडलाय. आई अजून रोज सकाळी त्या खुणा बघते.