पिवळा दिवा आणि पुणेरी चालक

पुण्यातल्या दुचाकीस्वाराला वाहतुकीचे नियम ठाऊकच नसतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत निदान शेकडा साठ उत्तरे बरोबर यावी लागतात, आणि परीक्षेला डगमगेल तो पुणेकर कसला! प्रश्न आहे तो परवाना खिशात पडल्यानंतरचा.

पिवळ्या दिव्याचेच पाहा ना. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ ‘थांबा’. रेषेच्या इतके जवळ आला असाल की सुखरूप थांबणे शक्य नाही, तरच पुढे जावे. कर्वे रस्त्यावर मात्र त्याचा अर्थ ‘निघा लवकर’ असा रूढ झाला आहे. चौकात पोलीस उभा असला की मूळ अर्थ तेवढ्यापुरता आठवतो.

पण रस्त्याचे गणित पोलिसाकडे पाहून बदलत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी दर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर मूल धावत आले, ते दिसले, उमगले आणि हात ब्रेककडे गेला, एवढ्यात एक सेकंद सहज सरतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १४ मीटर गेले! शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. हे शाळेत शिकलेले गृहस्थही पुढच्या गाडीमागे हातभर अंतर ठेवून धावतात.

हेल्मेटविषयी तर काय बोलावे? पुण्यात त्यावर जेवढे वाद झाले, तेवढी हेल्मेटे डोक्यावर चढली नाहीत. काहींचे कोपरावर डुलत असते; काहींचे डोक्यावर असते, पण पट्टा मोकळा. असे हेल्मेट पडताक्षणीच निसटायचे! २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत हेल्मेट नसलेले ५०,०२९ होते, आणि यांपैकी १४,३३७ जण चालवणारे नव्हते, मागे बसलेले होते. वास्तविक १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागच्यालाही हेल्मेट सांगितले आहे.

आता पाडव्याला घरोघर नव्या गाड्या येतील. त्यांना झेंडूचे हार पडतील, चाकाखाली लिंबे ठेवली जातील, सीटला छानसे कव्हरही येईल. सौभाग्यवतींचे हेल्मेट मात्र ‘पुढच्या महिन्यात पाहू’ या यादीत जाईल.