तारेची टाच

ॲल्युमिनियमची तार, जाडी २५ मायक्रॉन. माणसाच्या केसाचा जेमतेम तिसरा हिस्सा. सिलिकॉनच्या संवेदकावरची प्रत्येक पट्टी आणि तिचा संकेत वाचणारी चिप यांना जोडते ती ही तार. जिनीव्हाजवळ सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाच्या ट्रॅकरमध्ये सुमारे २०० चौरस मीटर सिलिकॉन आहे, पंधरा हजारांवर मॉड्यूल आणि नव्वद लाखांहून अधिक पट्ट्या. कोट्यवधी टाके! ते यंत्राने घातले हे खरं, पण कुठे किती दाब द्यायचा हे त्या यंत्राला शेजारी बसलेल्या तंत्रज्ञानेच शिकवलेलं असतं.

कणशोधकाबद्दल लिहिताना आपण सहसा सिलिकॉनचं कौतुक करतो. ते योग्यच आहे. ३०० मायक्रॉन जाडीच्या चकतीतून विद्युतभारित कण गेला की सुमारे २२ हजार इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि एवढ्याशा भारावरून तो कुठून गेला हे काही मायक्रॉनांपर्यंत सांगता येतं. पण हा भार चिपपर्यंत पोहोचला तर! सांधा कच्चा असेल तर पुढचं सगळं शहाणपण वाया.

हा सांधा घालण्याच्या कामाला वायर बाँडिंग म्हणतात. त्यात डाख नाही, उष्णताही नाही. ‘वेज’ नावाचं बारीक अवजार तारेला संवेदकावरच्या किंवा चिपवरच्या धातूच्या पॅडवर हलकेच दाबतं आणि श्राव्यातीत कंपनांनी घासतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा कायमच असतो. तो फुटतो, धातूला धातू भिडतो आणि सेकंदाच्या काही शतांशांत दोन्ही एकजीव होतात. मग तार उचलून छोटी कमान करायची आणि दुसऱ्या टोकाला तेच पुन्हा. दाब कमी पडला तर पकड बसत नाही. जास्त झाला तर तार पॅडवरून जिथे वर वळते तिथे चेपून अशक्त होते. या वळणाला टाच म्हणतात.

पारख होते ती ओढून. नमुन्याच्या तारेत आकडी अडकवायची आणि तुटेपर्यंत खेचायची. किती ग्रॅमला तुटली याची नोंद यंत्र ठेवतं, पण जाणकार माणूस आधी मायक्रोस्कोपखाली ती कुठे तुटली ते पाहतो. टाचेशी तुटली तर सांधा पक्का होता. अख्खा पायच पॅडवरून उचलला गेला तर पॅड मळलेलं आहे: बोटाचा ठसा, गोंदाचा अंश, काहीही. अशा वेळी यंत्राची कळ फिरवून दाब वाढवण्याचा मोह आवरणं आणि मळ कुठून आला याचा माग काढत मागे जाणं, हे या धंद्यातलं खरं कसब.

शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये या कामाला वाहिलेली एक वेगळी इमारतच आहे, सिलिकॉन डिटेक्टर फॅसिलिटी. फर्मीलॅबमधल्याच सीडीएफ प्रयोगात १९९२ मध्ये सिलिकॉनचा शोधक प्रथम बसला. १९९५ मध्ये टॉप क्वार्क सापडला, तेव्हा टक्करीच्या बिंदूपासून थोडंसं पुढे जाऊन फुटणारे कण ओळखायला तो कामी आला. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती नंतरची एक फजिती.

२००१ मध्ये फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉन या कणत्वरकाचं दुसरं पर्व सुरू झालं, सीडीएफमध्ये नवा, मोठा सिलिकॉन शोधक आला आणि त्यातली काही मॉड्यूल अचानक मुकी होऊ लागली. ओढण्याच्या चाचणीत टाके चांगले ठरले होते. मग? काही तारा १.४ टेस्लाच्या चुंबकक्षेत्राला काटकोनात होत्या. प्रत्येक वाचनाच्या वेळी त्यांच्यातला प्रवाह बदले आणि तारेला इवलासा हिसका बसे. एकट्या हिसक्याने काहीच बिघडत नव्हतं. पण वाचनं ठरावीक अंतराने होऊ लागली आणि ती लय तारेच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की तार झुलायची, टाचेत भेग पडायची आणि ती तुटायची. प्रयोगशाळेत चुंबकात तारा ठेवून हे घडवूनही पाहिलं गेलं. शोधक उघडून टाके बदलणं शक्य नव्हतं. शेवटी वाचनाची लय फार नियमित झाली की वाचनच थांबवणारी यंत्रणा बसवली.

दुसरा धडा ओलाव्याने दिला. २०१३ मध्ये सर्नमधल्याच ॲटलास प्रयोगाच्या सर्वांत आतल्या नव्या थराच्या तारांवर पांढरा गंज दिसला, आणि बाँडिंगचं बरंच काम पुन्हा करावं लागलं.

हे दोन्ही धडे आता मुंबईत कामी येत आहेत. सीएमएससाठी ‘एचजीकॅल’ हा नवा ऊर्जामापक बनतो आहे. त्याची सहाशेहून अधिक चौरस मीटर सिलिकॉनची मॉड्यूल जगातल्या मोजक्या केंद्रांत जुळवली जातात. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक. बाहेर खारा वारा आणि पावसाळा, आत आर्द्रता आणि धूळ मोजून राखलेली क्लीन रूम. आठ इंची चकतीतून कापलेला षटकोनी संवेदक, खाली आधारपट्टी, वर सर्किट बोर्ड, असे थर गोंदाने चिकटवायचे. बोर्डाला भोकं ठेवलेली असतात आणि तार त्या भोकातून खाली संवेदकापर्यंत उतरवायची असते. सपाट पृष्ठभागावरच्या टाक्यापेक्षा हे काम कितीतरी किचकट. शोधनिबंधाच्या लेखकयादीत हजारो नावं असली तरी बाँडिंगच्या यंत्रापुढे वर्षं काढणाऱ्याचं नाव तिथे सहसा सापडत नाही, हे मला खटकतं.

चुकलेली तार चिमट्याने उपटता येते. पॅडवर जागा उरलेली असली तर शेजारीच नवा टाका बसतो. त्यानंतर तारांवर पारदर्शक जेल ओतलं जातं. मग तार झुलत नाही, दमट हवाही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पण टाका सुधारायची वाटही बंद होते. म्हणून जेलचं भांडं हातात घेण्याआधी मॉड्यूलची विद्युत चाचणी होते.