चहा पाजण्याआधी: स्ट्रोक वॉर्डातल्या सिस्टरांचं शिक्षण

पक्षाघात झालेल्या माणसाला नातेवाईक मायेनं चहा पाजतात. गिळणं बिघडलेलं असेल तर तो फुफ्फुसात उतरतो. हे रोखू शकते ती वॉर्डातली सिस्टर. गुठळी विरघळवण्याच्या साडेचार तासांबद्दल आपण खूप बोलतो. पुढचे तीन दिवस ताप, साखर, गिळणं सांभाळायचं, त्याबद्दल फारसं नाही. न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांच्या अभ्यासात (2011) जिथे परिचारिकांनी हे नेमानं केलं, तिथे 90 दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व कमी दिसलं. नवं औषध नव्हतं, बरं का!

आपल्याकडे शिकलेली सिस्टर बदलून गेली की शिक्षणही जातं. माटुंग्यातल्या छोट्या नर्सिंग होमपासून शीव रुग्णालय जवळ, परळचं केईएमही. इथल्या सिस्टरांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापल्या केसेस मांडाव्यात, असं आम्ही सुचवतो. तेही ड्यूटीच्या वेळेत. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर कोण येणार?