गावात मित्र आपोआप मिळाले, परदेशात ते करावे लागतात! आईवडिलांसोबत देश सोडणाऱ्या किशोरवयीन मुलांना कशी मदत करायची?

बेल्ह्याचा सोमवारचा आठवडे बाजार. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातली अर्धी माणसं या दिवशी इथं भेटतात. शाळा सुटल्यावर बाजारात चक्कर मारायची, बैलबाजारात डोकवायचं आणि शेवटी भेळ खायची. या सगळ्यात सोबत कोण असणार, हे इथल्या नववी-दहावीतल्या मुलाला कधी ठरवावं लागत नाही. बालवाडीत शेजारी बसलेली पोरंच चौथीत असतात, तीच दहावीत असतात. कोणाशी मैत्री होणार हे वाडी, एसटीची वेळ आणि क्रिकेटची टीम यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आता समजा, याच मुलाचे वडील कॅनडातल्या नोकरीसाठी सहकुटुंब जायचं ठरवतात. पुढचं वर्ष-दीड वर्ष घरात एकच विषय. पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, लसीकरणाच्या नोंदी, बँकेतली शिल्लक. प्रत्येक कागदाची फाईल तयार होते. मुलाच्या मित्रांचा विषय निघालाच तर उत्तर ठरलेलं असतं, 'होतील की तिकडं हळूहळू.'

होतात, हे खरं आहे. पण ते 'हळूहळू' म्हणजे नेमकं किती आणि तोपर्यंत काय करायचं, हे समजून घेऊया.

मुंबईला जाणं वेगळं होतं

जुन्नर-आंबेगावला स्थलांतर नवीन नाही. मुंबईचे डबेवाले प्रामुख्यानं जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतले. गिरण्या, माथाडी काम, भाजी मार्केट यासाठीही इथून पिढ्यानपिढ्या माणसं गेली. पण मुंबईत उतरणाऱ्या पोराची सोय बहुतेक वेळा गावकीच्या खोलीत व्हायची. एका खोलीत पंधरा-वीस जण, सगळे गावचे किंवा शेजारच्या गावचे. तिथं मित्र शोधायची वेळच यायची नाही. गाव सोबत आलेलं असायचं.

त्यामुळे 'आम्ही नाही का गेलो, आम्हाला काय झालं?' हा आजोबांचा प्रश्न प्रामाणिक असला, तरी तुलना चुकते. टोरांटोजवळच्या उपनगरात उतरलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला गावकीची खोली नसते. शिवाय त्यानं आयुष्यात एकही मित्र स्वतःहून 'केलेला' नसतो. अनोळखी मुलांच्या घोळक्यात जाऊन उभं राहायचं, हे कौशल्य त्याला गावात कधी लागलंच नाही. तो लाजाळू किंवा घुमा असेलच असं नाही. या विषयाचा त्याचा पहिलाच तास आहे, इतकंच.

२०० तासांचा हिशोब

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संवादशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांचा यावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतेच नव्या शहरात राहायला आलेले प्रौढ आणि विद्यापीठात नव्यानं दाखल झालेले विद्यार्थी यांना त्यांनी विचारलं, नव्या ओळखीच्या माणसासोबत किती वेळ घालवलात आणि आता तो तुमचा कोण आहे? ढोबळ उत्तर असं निघालं. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावा असं व्हायला सुमारे ९० तास आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून अधिक तास.

हे आकडे सरासरीचे आहेत आणि परदेशी गेलेल्या शाळकरी मुलांवरून काढलेले नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. तरी इंजिनीअरिंगच्या सवयीनं हिशोब करून पाहिला. मुलगा रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास कोणाजवळ बसला, तर आठवड्याला अडीच तास होतात. ५० तासांना २० आठवडे, म्हणजे पाच महिने. २०० तासांना ८० आठवडे, म्हणजे जवळपास दोन शैक्षणिक वर्षं. त्यात दर शनिवारी तीन तासांचा खेळ मिळवला, तर आठवड्याचे साडेपाच तास होतात. ५० तास सव्वादोन महिन्यांत भरतात आणि २०० तास साधारण ३६ आठवड्यांत. तो एक शनिवार सगळं गणित बदलतो.

हॉल यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. एकत्र काम करण्यात गेलेला वेळ मैत्रीच्या खात्यात तितकासा जमा होत नाही. एकत्र खाणं, खेळणं, टिवल्याबावल्या करणं जास्त मोजलं जातं. हे पटायला मला अभ्यासाची गरज नव्हती. याच पट्ट्यातून पुण्यात इंजिनीअरिंगला आलो तेव्हा पहिला महिना मेसमध्ये ताट घेऊन कोपऱ्यातलं टेबल शोधायचो. मित्र झाले ते लेक्चरला शेजारी बसून नाही, तर सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून ड्रॉइंग शीटची 'जीटी' मारताना. आणि मी तर फक्त पुण्यात आलो होतो!

वर्ग असतो, पण 'आपला वर्ग' नसतो

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताचं उदाहरण घेऊया. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा ही शहरं याच प्रांतात येतात. इथं नववी ते बारावी हे हायस्कूल. मुलाला कोणत्या इयत्तेत घ्यायचं हे वय पाहून ठरतं आणि आधी इंग्रजी व गणिताची चाचणी होते. ती नापास करण्यासाठी नसते, कोणत्या पातळीचे विषय द्यायचे हे ठरवण्यासाठी असते.

खरा धक्का पुढे बसतो. प्रत्येक विद्यार्थ्याचं वेळापत्रक वेगळं. एका विषयाला एका खोलीत, दुसऱ्याला दुसऱ्या, सोबतची मुलंही दर तासाला वेगळी. 'दहावी अ' असा आपला म्हणावा वर्ग नाही, ठरलेला बाक नाही. प्रत्येक विषयाचे साधारण ११० तास असतात, पण त्या वेळात बाजूच्याशी एक वाक्यही न बोलता विषय पूर्ण होऊ शकतो. आणि मग जेवणाची सुट्टी. गावातल्या शाळेत डबे एकत्र उघडले जातात. इथं मोठ्या कॅफेटेरियात आपण कोणत्या टेबलावर बसायचं, हे रोज ठरवावं लागतं. बरीच नवी मुलं ही वेळ लायब्ररीत किंवा चक्क बाथरूममध्ये काढतात. घरी आल्यावर 'अभ्यास कसा चाललाय?' यापेक्षा 'डबा कुठं बसून खाल्ला?' हा प्रश्न जास्त सांगून जातो.

इंग्रजी येतं, पण गप्पा मारता येत नाहीत

कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. स्थलांतरित मुलांना बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेत बरोबरी साधायला मात्र पाच ते सात वर्षं लागू शकतात, अशी त्यांची मांडणी आहे.

आपल्या सेमी-इंग्रजीतून गेलेल्या मुलाचं बऱ्याचदा उलटं होतं. 'फोटोसिंथेसिस' त्याला पाठ असतं, गणितात तर तो पुढेच असतो. पण मागच्या बाकावरच्या विनोदावर सगळे हसतात तेव्हा तो दोन सेकंद उशिरा हसतो. मालिका, खेळाडू, मीम यांचे संदर्भ त्याच्याकडे नसतात. मार्क चांगले आल्यामुळे शाळा आणि आईवडील दोघेही निर्धास्त राहतात, आणि मुलगा एकटा पडलाय हे सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

नावाचाही प्रश्न येतो. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग वाचताना तिथल्या शिक्षकांची जीभ 'डी'वरच अडखळते. नाव छोटं करायचं, की चार वेळा उच्चार शिकवायचा, हे मुलाला ठरवू द्यावं. आईवडिलांनी परस्पर 'डॅनी' करून टाकू नये.

शाळेकडे काय मागायचं?

ऑन्टॅरिओतल्या अनेक शाळांमध्ये 'सेटलमेंट वर्कर्स इन स्कूल्स', म्हणजे 'स्विस' नावाची योजना आहे. नव्या कुटुंबांना मदत करणारा कर्मचारी शाळेतच भेटतो आणि सेवा मोफत असते. ती प्रामुख्यानं कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या आणि निर्वासित कुटुंबांसाठी आहे, त्यामुळे वर्क परमिटवर असाल तर आधी विचारून घ्या. याच योजनेतून बऱ्याच ठिकाणी शाळा उघडण्याआधी, ऑगस्टच्या अखेरीस 'न्यूकमर ओरिएंटेशन वीक' होतो. त्यात नव्या मुलांना शाळा दाखवायचं काम शाळेतलीच मोठी मुलं करतात, आणि त्यांतली अनेक स्वतः काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेली असतात. पहिल्या दिवशी कॅफेटेरियात एक ओळखीचा चेहरा असणं ही किरकोळ गोष्ट नाही.

दुसरी सोय अनेकांना फक्त कटकट वाटते. ऑन्टॅरिओत हायस्कूलचा डिप्लोमा मिळवण्यासाठी ४० तासांचं स्वयंसेवी काम करण्याचा नियम आहे. बरीच कुटुंबं ते बारावीत कसंबसं उरकतात. त्याऐवजी पहिल्याच वर्षी एकाच लायब्ररीत किंवा फूड बँकेत दर आठवड्याला दोन तास गेलं, तर तीच माणसं वीस वेळा भेटतात. वर काम ठरलेलं असल्यानं 'काय बोलू?' हा प्रश्न पडत नाही.

खेळाचं तसंच. हायस्कूलच्या टीमची निवड सप्टेंबरपासूनच सुरू होते, उशीर झाला तर तो हंगाम गेला. कुस्ती तिथं शालेय खेळ आहे. यात्रेच्या आखाड्यात खेळलेल्या पोराला मॅटवर जुळवून घ्यावं लागेल, पण पकड समजायला इंग्रजी लागत नाही.

कधी निघायचं?

आपल्याकडे दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, म्हणून एप्रिल-मेमध्ये निघायचा बेत सोयीचा वाटतो. कॅनडात हे गैरसोयीचं ठरू शकतं. तिथं शाळा जूनअखेरीस बंद होते. मुलगा मेमध्ये पोहोचला तर ओळखी होण्याआधीच दोन महिन्यांची सुट्टी लागते, आणि ती तो फोन आणि चार भिंती यांच्यासोबत काढतो. शक्य असेल तर ऑगस्टचा मध्य गाठावा, नाहीतर फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या दुसऱ्या सत्राच्या आधी पोहोचावं. व्हिसा आणि विमानाचं भाडं आपल्या मर्जीनं चालत नाहीत, हे मान्य. मेमध्येच जावं लागलं तर सुट्टीतल्या शिबिराची नोंदणी निघण्याआधी इथूनच करावी.

ब्रिटनमध्ये जीसीएसईचा अभ्यासक्रम साधारणपणे दहावी आणि अकरावी इयत्ता मिळून दोन वर्षांचा असतो. अकरावीच्या मध्यात गेलेल्या मुलाला अभ्यास आणि एकटेपणा दोन्ही एकदम अंगावर येतात. ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होतं. न्यू साउथ वेल्समध्ये इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी आधी 'इंटेन्सिव्ह इंग्लिश सेंटर' असतं. तिथं सगळेच नवे, त्यामुळे पहिली मैत्री बहुधा तिथंच जुळते. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि वर्गात भारतीय मुलंच जास्त असतात. तिथं अडचण वेगळी, पालकांच्या नोकऱ्या बदलल्या की मित्र गाव सोडून जातात.

महाराष्ट्र मंडळ पुरेसं आहे का?

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली. गणपती, ढोल-ताशा, दिवाळी पहाट यात आईवडिलांचा जीव रमतो. पण तिथली मुलं बहुतेक तिथंच वाढलेली असतात. ती आपसात इंग्रजीत बोलतात आणि नुकत्याच आलेल्या मुलाला मराठी घोळक्यातही परकं वाटू शकतं. 'एवढी आपली मुलं आहेत, जा की बोल' म्हणून ढकलण्यापेक्षा ढोल पथकाच्या सरावाला नाव घालणं बरं. पुन्हा तोच हिशोब, दर आठवड्याला तीच मुलं.

मग आपल्या लोकांत ठेवायचं की तिथल्या? मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या १३ ते १८ वयाच्या ५,३६६ स्थलांतरित मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. आपली संस्कृती आणि नवा समाज अशा दोन्हींशी नातं ठेवणारी मुलं सर्वांत चांगली रुळली होती. 'घरात मराठी बंद, पटकन इंग्रजी सुधारेल' असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना ही ओळ फॉरवर्ड करायला हरकत नाही.

जुन्या ग्रुपचं काय?

गावातला व्हॉट्सअॅप ग्रुप तोडायला लावू नका. सुरुवातीचे महिने तोच आधार असतो. घड्याळाकडे मात्र लक्ष हवं. उन्हाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. बेल्ह्यात रात्री नऊला पोरं गप्पांना बसतात तेव्हा तिथं शाळा चालू असते. मित्र सकाळी साडेआठला ऑनलाइन येतात तेव्हा तिथं रात्रीचे अकरा वाजलेले असतात. रोज त्या वेळेला जागणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो. रविवारचा एक व्हिडिओ कॉल ठरवून घेतला तर दोन्ही बाजू टिकतात. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉकवर खातं ठेवायला बंदी आहे. व्हॉट्सअॅप त्यातून वगळलंय. निघण्याआधी मित्रांचे नंबर नीट घेऊन ठेवा.

घरच्यांनी काय बदलायचं?

सगळ्यात अवघड भाग हाच, आणि तो मुलींच्या बाबतीत जास्त. 'शाळा सुटली की थेट घरी' हा नियम गावात चालतो, कारण तिथं शाळेतही मैत्रिणी आणि शेजारीही मैत्रिणीच असतात. परदेशात शाळा सुटल्यानंतरचे दोन तास काढून घेतले, तर मैत्रीचे तास उरतच नाहीत. भीती वाटत असेल तर क्लबच्या शिक्षकांना भेटा, मैत्रिणीच्या आईशी बोला, घ्यायला जा. सरसकट 'नाही' म्हणू नका. आणखी एक, इंग्रजी लवकर येतं म्हणून बँक, डॉक्टर, घरमालक या सगळ्या ठिकाणी मुलालाच दुभाषी म्हणून नेलं जातं. अधूनमधून ठीक. पण त्याचा शनिवार त्यात जाऊ देऊ नका. तो शनिवार किती मोलाचा आहे, हे वर पाहिलंच.

पहिले काही महिने चिडचिड, 'मला परत जायचंय' हे अपेक्षित आहे. मात्र झोप किंवा जेवण बिघडलं, शाळा टाळणं सुरू झालं, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर शाळेच्या समुपदेशकाची वेळ घ्या. मुलगा तुमच्याशी बोलत नसेल तर त्याच्या फोनमध्ये हे नंबर असू द्या : कॅनडात किड्स हेल्प फोन १-८००-६६८-६८६८, ब्रिटनमध्ये चाइल्डलाइन ०८०० ११११, ऑस्ट्रेलियात किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८००. तिन्ही मोफत आहेत आणि रात्री-अपरात्रीही चालू असतात.