खळ्यातले गलबत

आमच्या मोझरीहून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागायचा नाही. उत्तरेला सातपुडा, बाकी तिन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्यांचे बगीचे. वंदनीय तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रम उभारला, तेव्हापासून गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाऊन आले, ही गोष्ट आमच्याकडची म्हातारी माणसे अजून काल घडल्यासारखी सांगतात. पण गावाचा आणि समुद्राचा संबंध एवढाच. पुण्यतिथीला लाखांनी माणूस जमतो, तेव्हा वर्तमानपत्रे 'जनसागर' असा शब्द छापतात. तेवढाच आमचा सागर!

मी प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे मास्तरकी केली. भूगोल माझा आवडता विषय. पण मुलांना समुद्र शिकवला तो नकाशातल्या निळ्या रंगाचा. प्रत्यक्ष समुद्र पाहिला वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गिरगावच्या चौपाटीवर, आणि घोट्याच्या वर पाणी चढू दिले नाही. याला कारण आहे. मी अकरा वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ शेतातल्या विहिरीत गेला. त्यानंतर आमच्या घरात कोणी पोहायला शिकले नाही. कोणी शिकवलेही नाही.

अशा घरातली माझी नात बारावीला असताना एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, "आबाजी, मी नेव्हीत जाईन म्हंते. अन् मंग शिडाच्या बोटीत बसून पुऱ्या पृथ्वीची फेरी मारीन."

तिच्या आईचा हात भाकरीवरच थांबला. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, जात्याच अबोल. तो एवढेच म्हणाला, "आबाजी म्हनतीन तसं." झाले! सगळे ओझे माझ्या डोक्यावर येऊन पडले.

मी तिला एकदम 'नाही' म्हटले नाही. मास्तराचा स्वभाव! म्हटले, आधी माहिती काढू. खरे सांगायचे तर तो माझा डाव होता. या फेऱ्यांची साग्रसंगीत माहिती जमवायची आणि तिच्यापुढे असा पुरावा मांडायचा, की पोरीने आपण होऊन तो नाद सोडावा. वकील जसा एका बाजूने कागद जमवतो, तसे मी कागद जमवू लागलो.

पहिलाच कागद माझ्या विरुद्ध गेला. माझा पहिला मुद्दा असा, की हे समुद्रकाठच्या लोकांचे काम; आपण वऱ्हाडातली माणसे, मातीतली. आणि पाहतो तर काय, भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही 'सागर परिक्रमे'ची कल्पना धरून बसलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते ते सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी गावात! १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता' युद्धनौकेवर वीरचक्र मिळवलेला हा दर्यावर्दी दुष्काळी माळावर राहून समुद्राचे बेत करीत होता, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात त्याने देह ठेवला तोही तिथेच.

त्यांच्या हाकेला ओ दिली कमांडर दिलीप दोंदे यांनी. दोंदे हे नौदलातले पाणबुडे. त्यांच्यासाठी गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' नावाची नौका बांधली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेचे केप टाउन, एवढे चार थांबे घेऊन १९ मे २०१० ला ते परत आले. नौकेत माणूस एकटाच. एकट्याने पृथ्वीला वळसा घालणारा हा पहिला भारतीय.

पृथ्वीप्रदक्षिणा म्हणजे कशीही मारलेली चक्कर नव्हे बरे! तिचे नियम सोवळ्यासारखे कडक. जिथून निघालात त्याच बंदरात परत आले पाहिजे. सगळी रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, विषुववृत्त निदान दोनदा कापले पाहिजे, आणि सुएझ किंवा पनामाच्या कालव्यातून चोरवाट काढता येत नाही. अंतर निदान २१,६०० सागरी मैल. हा आकडा कुठून आला हे मी नातीला पाटीवर दाखवले. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०, गुणाकार करा. एक कला म्हणजे एक सागरी मैल. किलोमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे चाळीस हजार.

"अन् वेग?" तिने विचारले.

'तारिणी' या नौकेचा हिशेब आम्ही मांडला. नौदलाच्या सहा महिला अधिकारी तीतून १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. एकूण २५४ दिवस, त्यांतले १९९ पाण्यावर. भागाकार केला तर ताशी आठ-साडेआठ किलोमीटर पडतात. आमच्या गावचा दूधवाला सायकलवर याहून लवकर तिवशाला पोचतो. या वेगाने पृथ्वी पालथी घालायची!

आणखी एक गोष्ट नातीनेच काढून माझ्यापुढे ठेवली. त्या सहाजणींपैकी कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल कुलूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. समुद्रकाठची एकच, विशाखापट्टणमची पी. स्वाती. माझा पहिला मुद्दा असा साफ बुडाला.

मग मी दुसरा काढला. जागा! 'म्हादेई'ची लांबी ५६ फूट, रुंदी साधारण १६. "एवढ्याशा डब्यात महिनोन् महिने राहशील?" म्हणून मी तिला आमच्या खळ्यात नेले. दोरीने माप घेतले आणि फक्कीने नौकेचा आकार आखला. पुढे टोक, मागे जराशी सपाट. आत चूल, झोपायची फळी, नकाशांचे मेज, शिडांची पोती, अवजारे, धान्य. आखता आखता निम्मी जागा संपली. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "आबाजी, आपलं घर कितीक मोठं हाये?" घराचे माप काढायला मी गेलो नाही.

पुढे तीच म्हणाली, "एक रात तुमी याच्यात काढून पाहा ना."

एकट्या दर्यावर्दीला सलग झोप नसते. सुकाणू वाऱ्यावर चालणारे यंत्र धरते, शिडे बांधलेली असतात. पण वारा कधी फिरेल, समोरून मोठे जहाज कधी येईल, याचा नेम नाही. म्हणून अर्धा तास डोळा मिटायचा, उठायचे, चहूकडे पाहायचे, शिडाची दोरी चाचपायची, पुन्हा आडवे व्हायचे. मी गजर लावून फक्कीच्या रेघेत खाट टाकली. वाचकहो, हसू नका. रात्री अकरा ते पहाटे पाच मी बारा वेळा उठलो. तिसऱ्या वेळेनंतर माणूस चिडतो, सातव्या वेळेनंतर तो उठला की झोपला हे त्याचे त्यालाच कळत नाही. पहाटे मला खळ्याच्या कडेला कोणीतरी उभे दिसले. जवळ जाऊन पाहिले तर फवारणीचा पंप होता.

सकाळी मुलगा चहा घेऊन आला आणि म्हणाला, "आबाजी, हे तं जागलच झाली." खरेच की! रानडुकरांच्या भीतीने आमचे शेतकरी तुरीच्या हंगामात मचाणावर रात्र काढतात ती दुसरे काय असते? अबोल माणूस महिन्यातून एकदा बोलतो, पण नेमके बोलतो.

या नौकांवरच्या दिवसाचे वर्णन वाचताना मला सारखे आमचेच घर आठवू लागले. काव्यात समुद्र म्हटला की चांदणे आणि लाटा. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग जातो शिवण्यात, पुसण्यात, घासण्यात, मोजण्यात. शीड फाटले की ते शिवायचे; दोर घासून झिजला की बदलायचा; खारट ओलीने बुरशी चढते ती पुसायची. धान्य मोजून, गोडे पाणी तर थेंबाथेंबाने. नौका दिवसचे दिवस एका कुशीवर कललेली. त्यामुळे शेगडी झुलती टांगावी लागते आणि स्वयंपाक करणारीने एका हाताने भांडे व दुसऱ्या हाताने स्वतःला धरायचे. २०१७ ची दिवाळी तारिणीच्या सहाजणींना समुद्रातच आली. लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते आणि फ्रीमँटलचा किनारा लागला २३ ला. हे वाचून सूनबाई प्रथमच या प्रकरणात बोलली. म्हणाली, "कढईतलं तेल कसं सांभायलं असन बाप्पा!"

आता माझा शेवटचा मुद्दा. तो मी हातचा राखून ठेवला होता, आणि तो खरा होता. दक्षिणेला चाळीस अंशांच्या खाली वाऱ्याला अडवायला जमीन उरत नाही. तो पृथ्वीभोवती मोकाट धावतो. खलाशी त्या पट्ट्याला 'गर्जणारी चाळिशी' म्हणतात. तारिणीने तिथे सात-सात मीटरच्या लाटा सोसल्या. परतताना सुकाणूत बिघाड झाला म्हणून बेतात नसलेल्या मॉरिशसला थांबावे लागले. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघाले आणि पाच महिने एकाही बंदराला न शिवता ३१ मार्च २०१३ ला परतले. वाटेत पिण्याचे पाणी बिघडले, तेव्हा पावसाच्या पाण्यावर दिवस काढले. तेच टॉमी २०१८ च्या सप्टेंबरात दुसऱ्या एका शर्यतीत असताना हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला, आणि मदत येईपर्यंत तीन दिवस ते नौकेत निजून राहिले. फ्रान्सच्या एका मच्छीमार संरक्षक जहाजाने त्यांना उचलले.

हे मी तिला वाचून दाखवले. माझा आवाज थोडा कापला असावा, कारण वाचताना माझ्यापुढे समुद्र नव्हता, विहीर होती.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आबाजी, पुढचं वाचा ना."

पुढचे मला ठाऊक होते, पण मी ते वाचणार नव्हतो. तेच टॉमी, कण्यात धातूच्या सळ्या घालून घेऊन, २०२२ साली त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले. तिने ते आधीच वाचले होते. एका बाजूचेच कागद दाखवणाऱ्या मास्तराची चोरी विद्यार्थिनीने पकडली!

त्या रात्री मी तिला प्रथमच भावाची गोष्ट सांगितली. एवढी वर्षे घरात ती कोणी उच्चारली नव्हती. ऐकून ती म्हणाली, "मंग तं पोहनं अगुदरच शिकाले पाह्यजे होतं आबाजी. सगळ्याइनच."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि पहिल्या सतरा मुली ३० मे २०२५ ला बाहेर पडल्या. त्या परीक्षेचा फॉर्म आम्ही तिवशाच्या संगणकाच्या दुकानात बसून भरला. पसंतीक्रम विचारला तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "तिले इचार." तिने नौदल पहिले लिहवले. नुसती परीक्षा आहे. पास होईल, न होईल. पोहण्यासाठी ती अमरावतीला जाते, आणि मी सोबत जाऊन तलावाच्या कठड्यावर बसतो. पहिल्या दिवशी ती पाण्याखाली गेली तेव्हा मी उभा राहिलो होतो. आता बसून असतो.

११ सप्टेंबर २०२५ ला तिन्ही सेनादलांच्या दहा महिला अधिकारी 'त्रिवेणी' नौकेतून मुंबईहून प्रदक्षिणेला निघाल्या, त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर. आडनाव वाचताच आमच्या पंचक्रोशीने त्यांना परस्पर आपल्या वरुडच्या करून टाकले!

महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन पाळतात. एवढा मोठा समुदाय एका क्षणी निःशब्द होतो. नातीने मला एकदा विचारले होते, "बोटीवर हे चार अठ्ठावन कवा वाजत असन?" मी तिला पंधरा अंशांना एक तास हे गणित घातले होते, पूर्वेकडे जात राहिले की घड्याळ पुढे सरकवत न्यायचे आणि वाररेषा ओलांडली की एक दिवस पुन्हा जगायचा. तेव्हा तिने दिवाळी दोनदा करता येईल का, असे विचारून मला निरुत्तर केले होते.

गेल्या पुण्यतिथीला आम्ही दोघे गर्दीत उभे होतो. मौन संपले, माणसे हलू लागली. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आबाजी, लिटलटनले आता रातचे साडेबारा झाले. अन् स्टॅन्लीले सकायचे साडेआठ."

मी मनातल्या मनात ताळा करून पाहिला. बरोबर होते.