पाच मिलिमीटरचे आटे

लांबच्या प्रवासासाठी स्टीलची सायकल बघायला गेलेला माणूस गिअर मोजतो, वजन विचारतो, रंगावर रेंगाळतो. मी आधी भोकं बघतो. मागचं चाक ज्या पट्टीत बसतं तिथे कॅरिअरसाठी एक आणि मडगार्डसाठी एक, अशी वेगवेगळी भोकं आहेत का? सीटखालच्या दोन्ही दांड्यांवर आहेत का? चिमट्याच्या मध्यावर आणि खाली टोकाशी? आत आटे पाडलेले, पाच मिलिमीटरचा बोल्ट घेणारे, चार नंबरच्या अ‍ॅलन कीने आवळता येणारे. सायकल प्रवासाच्या लायक होते ती या आट्यांमुळे. आटे नसलेल्या फ्रेमवर क्लँप बांधून काम भागवता येतं, पण ओझ्याखाली क्लँप हळूहळू सरकतो, रंग खरवडतो आणि घाटरस्त्याला तिरका होतो.

स्टीलच का, याचं उत्तरही मला तिथेच सापडतं. स्टीलची फ्रेम हादरे गिळते असं सगळे सांगतात. माझ्या मते हादरे गिळायचं काम मुख्यतः रुंद टायर करतात. स्टीलचा खरा गुण म्हणजे ते सहन करतं आणि दुरुस्त होतं. अ‍ॅल्युमिनियममधले आटे लवकर मरतात. स्टीलमधले बिघडले तर टॅप फिरवून पुन्हा जिवंत करता येतात. या सायकलींना बहुधा ४१३० जातीचं क्रोमोली वापरतात, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ओढलेली असते. या तऱ्हेच्या नळीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये घेतलं. जोडाशी जास्त ताण, म्हणून तिथे जास्त धातू, इतका साधा हिशेब. मधली पातळ भिंत मात्र मिलिमीटरभराचीही नसते, म्हणून वेल्डिंगवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. भोकाचा तुटलेला कान गॅसवर पितळेच्या काडीने बेताने जोडला तर टिकतो. मोठा आर्क लावला तर नळीलाच भोक पडतं.

१९२३ साली आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा आपल्या साथीदारांबरोबर मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्या वाटेवर सायकलचं दुकान क्वचितच लागलं असणार. लोहार मात्र बहुतेक गावांत भेटतो, आणि लोहाराच्या हाताला कळणारा धातू अंगाखाली असणं ही मोठी सोय आहे.

आमचं जोडकाम पुण्यात पेठेतल्या एका जुन्या दुकानात चालतं. मिस्त्रीकाकांनी हयात काळ्या घोडा सायकलींवर काढली. चाकाचा आऊट काढताना ते बोटाच्या नखाने रिम तपासतात. नवी सायकल स्टँडवर चढली की पहिलं काम कॅरिअरचं, कारण बाकी सगळं त्याच्या मागेपुढे सरकवता येतं.

कॅरिअरही नळीदार स्टीलचं घ्यावं. त्याचे दोन पाय खाली चाकाच्या पट्टीवर येतात, वरून दोन हात सीटखालच्या दांड्यांना धरतात. सगळं ओझं पायांच्या दोन बोल्टांवर पडतं. वरचे हात फक्त कॅरिअरला मागे लवंडू देत नाहीत. म्हणजे पंचवीस किलो सामान पेन्सिलीपेक्षाही बारीक अशा दोन बोल्टांवर. डाव्या बाजूला चिंता नाही. बोल्ट थोडा लांब घ्यायचा आणि आतून नायलॉन रिंगवाला नट लावायचा. उजव्या बाजूला आत फ्रीव्हील आहे, आणि साखळी सर्वांत लहान दात्यावर उतरली की पट्टीच्या अगदी जवळून जाते. तिथे नटाला जागा नाही. बोल्टचं टोक दोन मिलिमीटर जरी आत डोकावलं, तरी त्या एकाच गिअरमध्ये टकटक सुरू होते. "आधी लहान दात्यावर टाका, मग पायडल उलटं फिरवून बघा," काका म्हणतात आणि बोल्टच्या डोक्याखाली एक वायसर वाढवतात. तरी टोक डोकावलं तर बोल्ट वाइसमध्ये धरून कानसतात. मग आट्यांवर निळ्या लॉकिंग द्रवाचा एक थेंब. हा थेंब हादऱ्याने बोल्ट सुटू देत नाही आणि हाताच्या चावीने मात्र तो उघडता येतो. लाल द्रव इथे वापरू नये. तो तापवल्याशिवाय सोडत नाही आणि रस्त्यात तापवणार कशाने?

आवळायचीही एक रीत आहे. चारही बोल्ट आधी दोन-तीन आटे धरतील एवढेच फिरवायचे. कॅरिअर जमिनीला समांतर आहे का ते मागून आणि बाजूने बघायचं. मग थोडं खाली, थोडं वर, असं आळीपाळीने घट्ट करत जायचं. खालचे दोन आधीच करकचून आवळले तर वरचा हात ओढून बसवावा लागतो. तो ताण बोल्टमध्ये कायमचा राहतो, आणि असा बोल्ट पुढे कधीतरी डोक्याजवळ कापला जातो. डोकं गळून पडतं, दांडी आट्यांत अडकून राहते. ती ड्रिल करून काढण्याएवढं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

आता पिशव्या. लांबच्या सायकलीत क्रँकच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतची दांडी ४५-४६ सेंटीमीटर ठेवतात. शर्यतीच्या सायकलीत ती जेमतेम ४१ असते. हे चार-पाच सेंटीमीटर टाचेसाठी असतात. पिशवी लावून, बूट घालून, सीटवर बसून पायडल मारायचं आणि टाच घासली तर हूक मागे सरकवायचे. ऑर्टलीबसारख्या तोंड गुंडाळून बंद करायच्या पिशव्या आपल्या पावसाला उत्तम. महाग आहेत, पण कोरडं अंथरूण कुठल्याही भावात परवडतं.

मडगार्डाबद्दल मी आग्रही आहे. कोकणात जांभ्याची लाल माती टायरला धरून वर येते आणि फट कमी असेल तर चाक गच्च होतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट सहज फिरलं पाहिजे. पुढच्या मडगार्डाला खाली लांब रबरी फ्लॅप हवा. त्याने बूट कोरडे राहतात, हे लोकांना लगेच पटतं. पण साखळी आणि क्रँकच्या बेअरिंगवर उडणारी वाळूही तोच अडवतो, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. पुढच्या काड्या ओढ बसताच सुटणाऱ्या क्लिपमध्ये बसवाव्यात. चाकात काटकी अडकली तर मडगार्ड दुमडून चाक जाम होतं आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. क्लिप सुटली तर नुसता खडखडाट होतो.

ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड घ्यावा. शर्यतीच्या सायकलीचा बारीक व्हॉल्व्ह दिसायला नाजूक आणि वजनाला हलका, पण हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्यावर बसत नाही. जाड व्हॉल्व्हला महाराष्ट्रात कुठेही हवा मिळते. टायरचं मात्र इतकं सोपं नाही. ७०० मापाचा टायर पुण्यात मिळतो, तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. तिथे मुलांच्या सायकलींचे २६ इंची टायर टांगलेले असतात. म्हणून ७०० वाल्यांनी घडीचा एक जादा टायर पिशवीच्या तळाशी ठेवावा. चाकाला छत्तीस आरे हवेत. आरा तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, फ्रीव्हीलच्या बाजूचा, कारण तिथे ताण सर्वांत जास्त. त्याच मापाचे दोन-तीन आरे फ्रेमच्या नळीला टेपने बांधून ठेवले की पिशवीत वाकत नाहीत.

दिव्यासाठी पुढच्या हबमधला डायनामो मला पसंत आहे. आपल्या जुन्या सायकलींचा डायनामो टायरला घासून घरघरायचा आणि पावसात घसरायचा. हबमधला आवाज करत नाही, सहा व्होल्टवर तीन वॉट देतो, आणि एवढ्यात आजचा एलईडी ताम्हिणीच्या अंधाऱ्या वळणावर रस्त्याची कड स्वच्छ दाखवतो. वायर ब्रेकच्या केबलला वेढे देत वर न्यावी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती ताणत नाही ना, हे बघूनच टाय बांधावेत.

समुद्राकाठी जायचं तर फ्रेमच्या आतलाही विचार करावा लागतो. सीटची नळी काढून आत उकळलेलं जवसाचं तेल ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची आणि दोन-तीन दिवस सुकू द्यायची. आत पातळ पापुद्रा धरतो आणि खारी हवा धातूला भिडत नाही. क्रँकखालचं निचऱ्याचं छिद्र उघडं आहे ना, तेही बघावं. त्या तेलाची चिंधी चोळामोळा करून फेकू नये. ती आपोआप पेट घेते. पाण्यात भिजवून मगच टाकावी.

एवढं झालं की भरलेली सायकल घाटात न्यायची, कारण दुकानात न दिसणारी एक गोष्ट तिथे दिसते. सगळं वजन मागे ठेवलं तर चढावर पुढचं चाक भरकटतं आणि उतारावर हँडल थरथरू लागतं. ताम्हिणी उतरताना मला ते दोन्ही मनगटांत जाणवलं. वेग कमी केला, गुडघे वरच्या दांडीला टेकवले, थरथर थांबली. खाली उतरल्यावर तांदूळ, पाणी आणि अवजारं पुढच्या चिमट्यावरच्या पिशव्यांत हलवली, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन्हीकडे सारख्या वजनाने. मागे साठ टक्के आणि पुढे चाळीस, हे प्रमाण माझ्या सायकलीला मानवतं. हँडल वळवायला जरा जड लागतं, पण रेषा सुटत नाही.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. नवा रंग दबतो, वायसर बसतात, आणि घट्ट वाटलेला बोल्ट पाव फेरा घेतो. त्यानंतर मी हे काम तरींवर करतो. सागरी रस्त्याने बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला जाताना फेरीबोटीवर सायकल टेकवून ठेवलेली असते आणि हात मोकळे असतात. चार नंबरची अ‍ॅलन की खिशातच असते. पिशवीत पाच मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे, वायसर आणि नायलॉन नट एका डबीत. कॅरिअरच्या उजव्या पायाचा जादा बोल्ट मात्र त्याच मापात कानसून वेगळा गुंडाळून ठेवलेला असतो, कारण तो कुठल्याही दुकानात तयार मिळत नाही.